शेवटची पाच मिनिटे

सुगरणी पुष्कळ जमल्या की भाजी अळणी होते, अशा अर्थाचे बोल आपण सर्वांनी घरच्या वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकलेले आहेत. प्रत्येकीचा हात सराईत असतो, प्रत्येकीला स्वयंपाकाचे मर्म ठाऊक असते. पण मीठ कोणी घालावयाचे हे ठरलेले नसते. एकीला वाटते, दुसरीने घातले असेल. दुसरीला वाटते, आपण घातले तर तिला राग येईल. पंगत बसते आणि मग सगळ्यांच्या लक्षात येते. चुलीपाशी जे घडते तेच मैदानावर घडते, आणि मैदानावर जे घडते तेच घरात, गावात व धर्मग्रामातही घडते. म्हणून या आठवड्यात आम्ही वाचकांपुढे खेळाचा विषय ठेवीत आहोत. ज्यांना खेळाची गोडी नाही त्यांनीही तो शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची विनंती आहे.

बास्केटबॉल हा खेळ आपल्या मुलांना आता परका राहिलेला नाही. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात आडोशाला खेळता यावा म्हणून तो काढला आणि पीच फळाच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून त्यांत चेंडू टाकावयास लावले. दहा फूट उंचीवरचे कडे, एका बाजूचे पाच गडी आणि एक चेंडू, एवढाच त्याचा पसारा. या खेळातील एक गोष्ट आम्हांस नेहमी विचार करावयास लावते. प्रतिपक्षाने नियमभंग केला की पुष्कळदा खेळाडूला मोकळी फेक मिळते. कोणी अडवीत नाही, कोणी अंगावर येत नाही. रेषेवर उभे राहून निवांतपणे चेंडू कड्यात टाकावयाचा असतो. सरावात जो मुलगा दहांपैकी आठ वेळा ती साधतो, त्याचेच हात सामन्याच्या अखेरीस लाकडासारखे होतात. कडे तेवढेच असते, अंतरही तेवढेच असते. फक्त घड्याळात थोडे क्षण उरलेले असतात.

अमेरिकेतील एन. बी. ए. या व्यावसायिक स्पर्धेत या अखेरच्या वेळेचा हिशेब निराळा ठेवतात. सामन्याची शेवटची पाच मिनिटे उरली आहेत आणि दोन संघांत पाच गुणांहून अधिक अंतर नाही, अशा वेळी कोण कसा खेळला, याची वेगळी नोंद होते. या नोंदीत पुष्कळ नामवंतांची झाकली मूठ उघडी पडते.

२०१० साली मायामी शहराच्या संघाने लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड व ख्रिस बॉश हे तीन नावाजलेले खेळाडू एकत्र आणले. एकेकाने एकेक संघ तारून न्यावा अशा योग्यतेचे हे तिघे. आता यांना कोण हरवणार, असे लोक बोलू लागले. पहिल्या सतरा सामन्यांत हा संघ नऊ जिंकला आणि आठ हरला. पुढे त्याने गती घेतली, हंगामात ५८ सामने जिंकले आणि अंतिम फेरीही गाठली. पण अटीतटीच्या वेळी त्याचे पाय अडखळत ते अडखळतच. अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात सुमारे सात मिनिटे उरली असताना हा संघ पंधरा गुणांनी पुढे होता. तो सामना डॅलसच्या संघाने ९५ विरुद्ध ९३ असा जिंकला, आणि पुढे चार विरुद्ध दोन सामन्यांनी अजिंक्यपदही नेले.

असे का व्हावे? आम्ही काही या खेळातले तज्ज्ञ नाही. परंतु मुलांचे खेळ पाहण्यात आमची बरीच वर्षे गेली, आणि माणसांची मने पाहणे हे तर आमचे कामच आहे. त्यावरून काही कारणे आम्हांस दिसतात.

पहिले कारण असे की, मोठा संघ पुष्कळदा मोठ्या फरकाने जिंकतो. त्यामुळे कठीण वेळेची त्याला सवय नसते. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला बारमाही पाणी, त्याला पाणी पुरवून वापरण्याचे शिक्षण मिळालेले नसते. दुसरे कारण, संकटाच्या क्षणी प्रत्येक गुणी माणूस आपल्या जुन्या सवयीकडे धाव घेतो. आजवर त्याने एकट्यानेच सामने जिंकून दिलेले असतात. म्हणून चेंडू हाती येताच तो एकटाच पुढे निघतो आणि उरलेले चौघे उभे राहून पाहत राहतात. पाच जणांचा संघ त्या घटकेला एकाचा होतो, आणि प्रतिपक्षाला एकालाच अडवावयाचे उरते. तिसरे कारण याच्या अगदी उलट आहे. हरलो तर दोष आपल्या माथी येईल, या भीतीने प्रत्येक जण चेंडू दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा होतो. हावरेपणा आणि भित्रेपणा ही दोन भावंडे एकाच घरी नांदतात; दोघांचेही लक्ष चेंडूकडे नसते, स्वतःच्या नावाकडे असते.

एक चौथी गोष्टही न्यायाने सांगितली पाहिजे. एका गुणाने जिंकणे किंवा हरणे यात योगायोगाचा भागही मोठा असतो. चेंडू कड्याच्या कडेला लागून आत पडावा की बाहेर, हे एका बोटाच्या अंतरावर ठरते. दोन-तीन सामन्यांवरून कोणाच्या धैर्याचा किंवा चारित्र्याचा निकाल लावणे हा अन्याय होय.

आता आपल्या मराठी मुलखाकडे वळू. क्रिकेटच्या रणजी स्पर्धेत मुंबईइतका वैभवशाली संघ दुसरा झाला नाही. १९९१ च्या मे महिन्यात वानखेडे मैदानावर मुंबई व हरियाणा यांचा अंतिम सामना झाला. मुंबईच्या बाजूला दिलीप वेंगसरकर, संजय मांजरेकर, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेला सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, सलील अंकोला अशी मंडळी होती. हरियाणाचे कर्णधार होते कपिल देव. हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या. त्यांच्या दीपक शर्माने एकट्याने १९९ धावा काढल्या. मुंबईचा डाव ४१० धावांत संपला. दुसऱ्या डावात हरियाणाने २४२ धावा केल्या, आणि शेवटच्या दिवशी मुंबईला जिंकण्यासाठी ३५५ धावा हव्या होत्या. पहिल्या डावातील आघाडी हरियाणाकडे असल्याने सामना अनिर्णित राहिला असता तरी चषक त्यांचाच होता. मुंबईला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तीन गडी ३४ धावांत बाद झाले. मग सचिनने ७५ चेंडूंत ९६ धावा फटकावल्या. तोही गेला. वेंगसरकर मात्र उभे राहिले. पायात गोळे आले, धावता येईना, म्हणून राजपूत त्यांच्यासाठी धावू लागले. नऊ गडी बाद झाले तेव्हा धावा होत्या ३०५. म्हणजे शेवटच्या जोडीला ५० धावा करावयाच्या होत्या. अकराव्या क्रमांकाचा तरुण गोलंदाज अबे कुरुविला वेंगसरकरांना साथ देऊ लागला. त्या जोडीने ५० पैकी ४७ धावा काढल्या! आणि मग एक धाव घेताना कुरुविला धावबाद झाला. मुंबईच्या ३५२ धावा झाल्या. हरियाणा दोन धावांनी जिंकले. १३९ धावांवर नाबाद राहिलेले वेंगसरकर मैदानावरच रडले, आणि पाहणाऱ्या हजारो माणसांना ते दृश्य पुढे वर्षानुवर्षे विसरता आले नाही.

या सामन्याची गोष्ट सांगताना लोक कुरुविलाच्या धावबाद होण्यापाशी येऊन थांबतात. आम्हांस तेथे थांबावेसे वाटत नाही. पहिल्या डावात मुंबई ११२ धावांनी मागे पडली होती. त्या ११२ धावा थोड्या थोड्या सांडल्या होत्या. कोणी फटका चुकवला, कोणी चेंडू अडवताना क्षणभर ढिला पडला, कोणाचा चेंडू भरकटला. त्यांतल्या तीन धावा कोठेही वाचल्या असत्या तर शेवटच्या धावेची वेळच आली नसती. दोन धावांची हार ही त्या एका क्षणात झालेली नव्हती; तो क्षण केवळ हिशेब मिटवण्याचा होता. आणि ज्याने ५० पैकी ४७ धावा होईपर्यंत खिंड लढवली, त्याच्याच माथी हार मारणे हे कोणत्या न्यायात बसते?

त्याच सामन्यात यष्टीमागे उभे असलेले चंद्रकांत पंडित पुढे प्रशिक्षक झाले, आणि त्यांच्या आयुष्याची पुढली कथा आपल्या सीमेवरच्या लोकांना दुहेरी जिव्हाळ्याची आहे. आम्ही सौंसर-पांढुर्ण्याकडची माणसे. राज्याने मध्य प्रदेशचे. बोलीने, सोयरिकीने आणि संत्र्याच्या बाजारपेठेने नागपूरकडे तोंड करून बसलेले. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा नागपूर पलीकडे गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा निराळा झाला, तरी आमच्या घरांतली भाषा बदलली नाही. त्यामुळे विदर्भ जिंकला तरी आमच्याकडे पेढे वाटतात, आणि मध्य प्रदेश जिंकला तरी वाटतात.

विदर्भाच्या संघाकडे २०१७ पर्यंत कोणी फारसे लक्ष देत नसे. पंडित त्या संघाचे प्रशिक्षक झाले. त्या हंगामातील उपांत्य सामना कोलकात्यास बलाढ्य कर्नाटकाशी झाला. पहिल्या डावात विदर्भाच्या १८५ धावा, कर्नाटकाच्या ३०१. म्हणजे मुंबईसारखीच शंभराहून अधिक धावांची पिछाडी. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा केल्या आणि कर्नाटकाला १९८ धावा करावयास सांगितले. सात गडी बाद होऊनही कर्नाटकाचे तळाचे खेळाडू लढत राहिले आणि विजय हाताच्या अंतरावर आला. तेव्हा रजनीश गुरबाणी या तरुण गोलंदाजाने शेवटचे गडी टिपले. त्या डावात त्याने सात गडी बाद केले. कर्नाटकाचा डाव १९२ धावांत आटोपला. विदर्भ पाच धावांनी जिंकला. पुढे इंदूरला, आपल्याच राज्यात, विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले आणि १ जानेवारी २०१८ रोजी पहिल्यांदा रणजी चषक उचलला. पुढल्या वर्षी तो पुन्हा त्यांच्याकडेच राहिला.

नंतर पंडित मध्य प्रदेशाकडे आले. १९९८-९९ च्या हंगामात ते स्वतः मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामना हरले होते. २०२२ च्या जून महिन्यात त्याच मैदानावर मध्य प्रदेशाची गाठ पडली ती मुंबईशी. मुंबईने तोवर ४१ वेळा हा चषक जिंकलेला. यशस्वी जयस्वाल, पृथ्वी शॉ, सर्फराज खान अशी नावे तिकडे. इकडे आदित्य श्रीवास्तव याच्या नेतृत्वाखालील, बाहेर फारशी नावे ठाऊक नसलेली मुले. मुंबईने ३७४ धावा केल्या. मध्य प्रदेशाच्या यश दुबे, शुभम शर्मा व रजत पाटीदार या तिघांनी शतके झळकावली आणि धावा झाल्या ५३६. मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला, आणि तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या मैदानावर पंडितांना अश्रू आवरता आले नाहीत. ज्याने दोन धावांची हार जवळून पाहिली होती, तोच पुढे अनामिक मुलांना धाव न सांडण्याची शिस्त शिकवीत राहिला. देवाच्या शाळेत हरण्याचाही एक वर्ग असतो, आणि जे त्यात उत्तीर्ण होतात ते चांगले गुरू होतात.

आता थोडे आपल्या घरचे. काही वर्षांपूर्वी आमच्या आवारातील मैदानावर मुलांनी बास्केटबॉलचा एक संघ उभा केला. सौंसर, पांढुर्णा आणि मधली खेडी यांतून एकेक नामी खेळाडू निवडला. त्यात आपली मुले होती, शेजारची हिंदू मुलेही होती. जामसांवलीचे दोघे भाऊ होते, ज्यांच्या घरचे हनुमान मंदिरापाशी नारळ-प्रसादाचे दुकान आहे; मंगळवारी व शनिवारी भाविकांची रीघ लागते, म्हणून त्या दोन दिवशी ते सरावास येत नसत. यावरून इतर मुले त्यांना टोचून बोलत. प्रत्येक मुलगा आपापल्या गावचा मानकरी. प्रत्येकाचे चाहते निराळे, आणि टाळ्याही निराळ्या. पहिल्या सामन्यांत त्यांनी लहान संघांना लोळवले. मग बरोबरीचे संघ आले आणि लागोपाठ तीन सामने हे लोक एक-दोन गुणांनी हरले.

तिसऱ्या सामन्यात एका गुणाने मागे असताना अगदी शेवटी आमच्या एका मुलाला दोन मोकळ्या फेकी मिळाल्या. त्याने दोन्ही चुकवल्या. त्या रात्री परतताना गाडीत कोणी त्याच्याशी बोलले नाही. पुढे ही अबोल्याची साथ मुलांवरून बापांवर गेली. दोन घरे, जी एकमेकांच्या बागेत आंबिया बहाराच्या तोडणीला जात, ती मिस्सेला येऊन देवळाच्या दोन टोकांना बसू लागली. मुलाने गायनवृंदात येणे सोडले. त्याची आई आमच्याकडे येऊन म्हणाली, “फादर, पोट्टं धड जेवत नाही. नागपूरले जातो म्हणते, कोठंबी हमाली करतो म्हणते. दोन चेंडूंपायी माह्यं लेकरू जाते का हो?”

त्या माउलीच्या प्रश्नाला आमच्यापाशी शब्दांचे उत्तर नव्हते. परंतु आमच्या वृद्ध धर्मशिक्षकांपाशी एक वही होती. त्यांना प्रत्येक सामन्याची बारीक नोंद ठेवण्याचा नाद. रविवारी मिस्सेनंतर संघातील सगळ्या मुलांना आम्ही कडुलिंबाखाली बोलावले आणि ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्या तिसऱ्या सामन्यात संघाला तेवीस मोकळ्या फेकी मिळाल्या होत्या. त्यांतील तेरा वाया गेल्या होत्या. शेवटच्या दोन त्या मुलाच्या. उरलेल्या अकरा इतरांच्या, आणि त्या कोणाच्याच ध्यानात राहिल्या नव्हत्या, कारण त्या वेळी घड्याळात वेळ शिल्लक होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग संघातील सर्वांत उंच, सर्वांत नावाजलेला मुलगा वहीवर बोट ठेवून म्हणाला, “फादर, यात माह्या पाच हायेत.” आणि तो उठून त्या मुलाच्या घराकडे चालू लागला. आम्ही त्याला पाठवले नव्हते.

त्यानंतर मुलांनी स्वतःच एक नियम केला. सराव संपताना, अंग थकलेले असताना, प्रत्येकाने दोन मोकळ्या फेकी टाकावयाच्या व बाकीच्यांनी गप्प उभे राहून पाहावयाचे. कोणाची चुकली तर एकट्याला शिक्षा नाही. सगळ्यांनी मैदानाला एक फेरी मारावयाची. मंगळवारचा व शनिवारचा सराव त्यांनी पहाटे नेला, म्हणजे दुकान उघडण्यापूर्वी जामसांवलीच्या भावांना येता यावे. पुढल्या वर्षी एक अटीतटीचा सामना ते जिंकले आणि एक हरले. हरलेल्या दिवशी परतताना गाडी वेशीत शिरली तेव्हा आतून गाण्याचा आवाज येत होता. ती दोन घरेही मिस्सेत पुन्हा एका बाकावर आली नसली, तरी शांतीचे अभिवादन देताना ते दोघे बाप मधली जागा चालून एकमेकांपाशी गेले, हे आम्ही वेदीवरून पाहिले.

वाचकहो, या विषयावर पवित्र शास्त्रात काही असेल असे एकाएकी वाटत नाही. परंतु संत पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र आपण या दृष्टीने पुन्हा वाचावे. करिंथ नगराजवळ मोठ्या शर्यती व क्रीडा होत असत; म्हणूनच त्या पत्रात धावणाऱ्याचा व बक्षिसाचा दाखला येतो. तेथील धर्ममंडळ ही खरोखर गुणवंतांचीच सभा होती. कोणाला वक्तृत्वाचे दान, कोणाला ज्ञानाचे, कोणाला रोग बरे करण्याचे, कोणाला परभाषांचे. आणि अशा या दानसंपन्न मंडळीत तट पडले होते. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा. प्रेषिताने त्यांना त्यांची दाने टाकून द्या असे सांगितले नाही. त्याने शरीराचा दाखला दिला. डोळ्याला हाताची गरज असते, मस्तकाला पायाची, आणि जे अवयव दुबळे दिसतात त्यांच्यावाचून तर चालतच नाही. आणि मग लगेच, पुढल्याच अध्यायात, तो प्रीतीविषयी लिहितो. ती प्रीती नसेल तर इतर सारी दाने पोकळ आवाजासारखी होत, असा त्याचा आशय आहे. आपण तो अध्याय विवाहप्रसंगी वाचतो हे योग्यच. पण तो मुळात लिहिला गेला तो गुणवान माणसांच्या भांडणावर औषध म्हणून, हे विसरू नये.

प्रभूच्या स्वतःच्या बारा जणांचे तरी काय झाले? शेवटच्या भोजनाच्या रात्रीच त्यांच्यात मोठा कोण यावर वाद झाला, असे संत लूक सांगतो. थोड्याच वेळाने बागेत त्यांना जागे राहण्यास सांगितले, तेव्हा ते झोपले. त्यांच्या आयुष्यातील त्या अखेरच्या घटकांत ते सारे हरले. परंतु प्रभूने त्या संघाला काढून दुसरा निवडला नाही. ज्याने तीनदा नाकारले त्यालाच त्याने पुन्हा बोलावले आणि आपली मेंढरे त्याच्या स्वाधीन केली. चुकलेल्याला पुन्हा रेषेवर उभे करावयाचे कसे, हे आपण तिबिर्या समुद्राच्या काठी शिकावे.

मायामीच्या त्या संघाची गोष्टही तेथेच संपत नाही. २०१२ साली तो अजिंक्य झाला. २०१३ च्या अंतिम फेरीतील सहाव्या सामन्यात तो तीन गुणांनी मागे होता आणि हार ठरल्यासारखी होती. जेम्सची फेक चुकली. बॉशने उडी घेऊन परतलेला चेंडू पकडला. त्याला स्वतः फेक करण्याचा मोह आवरता आला नसता तर कोणी दोष दिला नसता. त्याने कोपऱ्याकडे जाणाऱ्या रे ॲलनला चेंडू दिला. ॲलनने तो कड्यात टाकला तेव्हा साडेपाच सेकंदांहूनही कमी वेळ उरला होता. सामना जादा वेळेत गेला, मायामीने जिंकला, आणि पुढे अजिंक्यपदही राखले. ती फेक लोक ॲलनच्या नावाने सांगतात. आम्ही मात्र मुलांना बॉशचा हात दाखवतो.

शिकागो येथे येशूसंघीयांचे लोयोला विद्यापीठ आहे. तेथील बास्केटबॉल संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून सिस्टर जीन डोलोरेस श्मिट १९९४ पासून काम करीत होत्या. २०१८ साली त्या ९८ वर्षांच्या असताना, नामांकित खेळाडू नसलेला हा संघ राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत उतरला. पहिला सामना त्यांनी ६४ विरुद्ध ६२ असा जिंकला, दुसरा ६३ विरुद्ध ६२, तिसरा ६९ विरुद्ध ६८. तीन सामन्यांत मिळून चार गुणांचे अंतर! पुढे ते शेवटच्या चार संघांत पोहोचले आणि मग हरले. सिस्टर चाकाच्या खुर्चीत बसून सामने पाहत, सामन्यापूर्वी मुलांबरोबर प्रार्थना करीत, आणि सामन्यानंतर कोणाचे कोठे साधले व कोणाचे कोठे चुकले ते पत्राने कळवीत. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात, वयाच्या १०६ व्या वर्षी, त्या प्रभूकडे गेल्या. प्रार्थनेमुळे चेंडू कड्यात पडतो, असे आम्ही म्हणणार नाही; समोरचा संघही प्रार्थना करीत असेल. परंतु ज्या मुलाला ठाऊक असते की आपण चुकलो तरी उद्या सकाळी एक म्हातारी आपल्याला त्याच मायेने चार ओळी लिहिणार आहे, त्याचा हात रेषेवर कमी थरथरतो, एवढे आम्ही खात्रीने म्हणू.

हे सारे आम्ही लिहिले ते अखेर आपल्या घरांसाठी. आपल्या खेड्यांत पुष्कळ घरे अशी आहेत की ज्यांत चार भाऊ चारही हुशार. एक शिक्षक, एक शेतीत तरबेज, एक शहरात नोकरीला, एक बोलण्यात वाकबगार. सुगीच्या दिवसांत त्यांचे उत्तम चालते. मग बाप आजारी पडतो, किंवा बाग रोगाने वाळते, किंवा बहिणीच्या लग्नाला पैसे कमी पडतात. ती त्या घराची शेवटची पाच मिनिटे असतात. तेव्हा एक म्हणतो, सारे मीच करीन, तुम्ही बोलू नका. दुसरा म्हणतो, मला विचारले नाही, मग मी कशाला. आणि जो धाकटा सर्वांत शेवटी दवाखान्यात हजर होता, त्याच्यावर ठपका येतो की तुझ्याच हातून झाले. बापाच्या खाटेपाशी सुरू झालेला तो हिशेब पुढे जमिनीच्या वाटणीपर्यंत जातो, आणि बांधावर दगड पडतात.

अशा घरांनी रोजच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत एक लहानशी सवय लावून घ्यावी. रोझरी संपल्यावर प्रत्येकाने मनात आपल्या स्वतःच्या चुकलेल्या फेकी मोजाव्यात, दुसऱ्याच्या नव्हेत. ज्याच्या हातून शेवटची चूक झाली असेल, त्याला त्या रात्री प्रथम वाढावे. आणि ज्याच्यापाशी अधिक गुण आहेत, त्याने अधूनमधून चेंडू दुसऱ्याच्या हाती देण्याचा सराव ठेवावा. कारण संकटाच्या वेळी माणूस जे ठरवतो ते करीत नाही, ज्याची सवय असते तेच करतो.

पवित्र मरिया कानागावच्या लग्नात होती. द्राक्षारस संपला तेव्हा तिने कोणाला दोष दिला नाही, कोणाचे नाव घेतले नाही; जे उणे होते ते तिने पुत्राच्या कानी घातले आणि सेवकांना त्याच्याकडे पाठवले. आपल्याही घरी जेव्हा काही उणे पडेल, तेव्हा तिने आपल्यासाठी तेवढेच करावे, हीच आमची प्रार्थना.